जुन्या दफनभूमीची देखभाल आणि सुधारणा : आराखड्यावर मतं हवीत

माझगावची_गल्ली · ४ ऑक्टोबर

मध्य मुंबईतल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीच्या समितीपुढे सुधारणेचा आराखडा आलाय. जागा एकोणिसाव्या शतकातली, पण वापरातली. एका अंगाला संगमरवरी क्रूस आणि पोरबंदर दगडाची थडगी, दुसऱ्या अंगाला चालू दफनं आणि अस्थींचे कोनाडे. कंत्राटदाराची यादी अशी: सगळ्या वाटांना पेव्हर ब्लॉक, जुन्या थडग्यांना ‘ॲसिड वॉश’ आणि वर पांढरा ऑइलपेंट, सांधे सिमेंटने बंद, पडलेल्या शिळा उचलून कुंपणभिंतीला ओळीने टेकवायच्या, झाडांना टाइल्सचे पार, दोन हायमास्ट (उंच खांबावरचे प्रखर दिवे).

पहिला हप्ता मार्चअखेर खर्ची पडायला हवा. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या, आधी कुदळ मारायची नाही, एवढंच एकमताने ठरलंय. यातलं काय काढायचं ते साधारण कळतंय. त्या जागी नेमकं काय लिहायचं ते सांगा.

ओळंबा · ४ ऑक्टोबर

एक गोष्ट आजच थांबवा, ती म्हणजे शिळा भिंतीला टेकवणं. बाकीच्या चुका पैसे आणि कष्ट घालून निस्तरता येतात, ही येत नाही. दफनाच्या नोंदवहीत बहुधा रांग आणि क्रमांक एवढंच असतं, आणि तो क्रमांक जमिनीवर कुठेच लिहिलेला नसतो. शेजारच्या शिळांवरून मोजत जायचं असतं. एक शिळा उचलली की आजूबाजूच्या तिघाचौघांचा पत्ता गेला. वर भिंतीला टेकलेल्या दगडाची पाठ कधी वाळत नाही, खालून ओल चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत अक्षरं सुटायला लागतात.

कामाचा क्रम: नोंद, पाणी, धोका, दगड, वाटा. दिवे आणि बाग सगळ्यात शेवटी. तुमच्या यादीत हा क्रम बरोब्बर उलटा आहे, कारण उद्घाटनाला पेव्हर ब्लॉकचा फोटो चांगला येतो, नोंदवहीचा येत नाही.

धोक्याची पाहणी मात्र २ नोव्हेंबरच्या आधी उरका, कारण त्या दिवशी लहान मुलं थडग्यांवर चढतात आणि मेणबत्त्या लावताना लोक उभ्या क्रूसाला धरून वाकतात. दोन माणसं, एक ओळंबा, एक मोजपट्टी. उभ्या शिळेच्या माथ्यावरून ओळंबा सोडायचा आणि मीटरभर खाली दगडापासूनचं अंतर मोजायचं. ठोकताळा असा: ५० मिमीच्या आत असेल तर फक्त नोंद, ५० ते १०० असेल तर दर सहा महिन्यांनी मोजणी, १०० च्या वर गेला तर दोरी बांधून जागा बंद. ढकलून बघायचं नाही. बघायचंच असेल तर तळहात खांद्याच्या उंचीवर ठेवून हलका दाब द्या आणि दुसऱ्या माणसाने पायथ्याचा सांधा उघडतोय का ते पाहावं. तीन तुकड्यांचे उंच क्रूस सरळ दिसले तरी वेगळे तपासा. त्यांच्या आतला लोखंडी गज सडलेला असतो आणि क्रूस नुसत्या वजनावर उभा असतो.

दस्तऐवज · ५ ऑक्टोबर

नोंदीबद्दल. मोबाइलच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका. झाडांखाली चूक ३ ते ५ मीटर सहज पडते, म्हणजे दोन-तीन थडगी इकडची तिकडे. जुनीच पद्धत बरी. कुंपणाचे दोन पक्के कोपरे धरून जागेवर १० मीटर × १० मीटरची जाळी आखा, प्रत्येक चौकटीला अक्षर-अंक द्या (क-७, क-८), चौकटीच्या आत टेपने दोन कोपऱ्यांपासून अंतर घ्या. टोटल स्टेशनवाला (अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राचा) सर्वेअर मिळाला तर जाळीचे कोपरे त्याच्याकडून पक्के करून घ्या, आतलं काम टेपने होतं.

प्रत्येक थडग्याला एक ओळ: जाळीतला क्रमांक, जुना नोंदवही क्रमांक, नाव, मृत्युवर्ष, लेखाची भाषा, दगड, लांबी-रुंदी-उंची, स्थिती, तातडी. लेख जसा आहे तसाच उतरवा, ओळ तुटते तिथे तिरकी रेघ मारा. मूळ कोरणाऱ्याने चूक केली असेल तर ती सुधारू नका. न वाचलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. अंदाजाने भरलेलं नाव पुढे पन्नास वर्षं खरं म्हणून फिरतं.

अक्षरं पुसट असतील तर खडू, पीठ, दाढीचा फेस यातलं काहीही चोळायचं नाही. दुपारी चारनंतर आरसा धरून उजेड शिळेला अगदी बाजूने, जवळपास समांतर द्या. ढगाळ दिवशी काळं कापड धरून टॉर्च. उथळ कोरीव अक्षरंही उठून येतात. शिशाची अक्षरं गळली असतील तर त्यांची भोकं राहतात, आणि भोकांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. दरेक थडग्याचे चार फोटो: समोर, मागे, पायथा आणि आजूबाजूसकट दुरून. दुरूनचा फोटो सगळे विसरतात आणि नंतर तोच लागतो.

हजारएक थडगी धरली आणि दोघांची एक जोडी दिवसाला ३० करते असं मानलं तर तीन जोड्यांना ११-१२ दिवस. चार रविवारांत पुरं होईल अशी आशा धरू नका. पण डिसेंबरअखेर नक्की होतं.

नोंदवह्या जीर्ण असतील तर आधी फोटो काढा, मग बांधणी. आपल्याकडची वही गेली असेल तरी आशा सोडू नका. बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती विलायतेला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या कागदांत एन/३ या मालिकेत आहेत. १९७६ साली सुरू झालेली ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया ही संस्थाही जुन्या लेखांच्या याद्या ठेवते.

सोनापूरचा_वळसा · ५ ऑक्टोबर

वाचतोय. एक शंका: एवढी नोंद फक्त ‘मोठ्या’ लोकांच्या थडग्यांची केली तर? पैसे कमी आहेत म्हणून विचारतोय.

दस्तऐवज · ५ ऑक्टोबर

तिथेच फसगत होते. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचं उदाहरण घ्या. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००), गेटवेचे जॉर्ज विटेट (१९२६), टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा (१९३०), सगळे तिथे. लोक यांना शोधत येतात. पण शहराचा इतिहास उरलेल्या रांगांत आहे: गोदीतले, रेल्वेतले, प्लेगची साथ चालू असताना गेलेले, पहिला वाढदिवस न बघितलेली मुलं. छोट्या शिळा पातळ असतात म्हणून त्याच आधी फुटतात. नोंद सगळ्यांची करा. दुरुस्तीची निवड नंतर करता येते.

चुनेवाली · ६ ऑक्टोबर

आता ‘ॲसिड वॉश’. संगमरवर आणि पोरबंदर, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड म्हणजे दगड विरघळवणं. फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचा असतो. पहिल्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण वरची गुळगुळीत पाठ गेलेली असते. पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट वेगाने धरतं, मग परत वॉश. मालाड स्टोन आणि काळ्या पाषाणावर ॲसिडचा असा फेस येत नाही, पण आतलं लोखंड गंजून तांबूस डाग उठतात आणि सांध्यातला चुना जातो. ब्लीचिंग पावडर, वायर ब्रश, प्रेशर वॉशर यांनाही तोच नियम. निविदेत नुसतं ‘वापरू नये’ लिहून भागत नाही, ‘आढळल्यास त्या थडग्याचं देयक शून्य’ असं लिहा.

हात लावण्याआधी दगड तपासा. बोटाच्या पेराने हलकं ठोकलं की भरीव आवाज यायला हवा. पोकळ आला तर पापुद्रा सुटलाय. संगमरवरावर बोट फिरवून साखरेसारखे कण हाताला लागले तर तो आतून खिळखिळा झालाय. अशा दगडांना पाणीसुद्धा लावायचं नाही. यादीत वेगळी खूण करा आणि संवर्धनवाल्याला दाखवा.

धडधाकट दगडाची पद्धत: नळाचं पाणी, बोअरचं नको (आपल्याकडे ते मचूळ निघतं). दगड आधी पूर्ण ओला करायचा, म्हणजे मळ आत शोषला जात नाही. नायलॉनचा किंवा नारळाच्या काथ्याचा मऊ ब्रश, खालून वर घासत जायचं, सतत पाणी सोडत. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या दगडात मुरतात आणि पट्टे कायमचे राहतात. कोरीव काम आणि अक्षरांत बांबूची काडी. साबण लागलाच तर पीएच ७ चा, आयन नसलेला, बादलीला चमचाभर, आणि नंतर भरपूर पाणी.

काळं शेवाळ आणि दगडफूल ब्रशने निघत नसेल तर क्वाटर्नरी अमोनियम जातीचं जैवनाशक, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाजारात ५० टक्क्यांचं मिळतं. २ टक्के द्रावणासाठी १ लिटरमध्ये ४० मिली. फवारा, १५-२० मिनिटं ओलं ठेवा, मऊ ब्रश फिरवा, धुवा. दगडफूल लगेच गळत नाही, सहा-आठ आठवड्यांत रंग बदलून सुटतं, म्हणून घासत बसू नका. आधी मागच्या बाजूला वीतभर जागेवर करून महिनाभर थांबायचं. रक्षक, माळी, सगळ्यांना हातमोजे आणि चष्मा.

खरोडीचा_दगड · ६ ऑक्टोबर

जैवनाशकावर थोडा मतभेद. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर समुद्राची हवा. जूनमध्ये जे मारलं ते पुढच्या ऑगस्टला परत येतं. पातळ हिरवं शेवाळ दगडाचं फारसं वाईट करत नाही. जिथे अक्षरं झाकली जातात किंवा मुळं धरायला लागलीत तिथेच वापरा. सगळी दफनभूमी पांढरीफेक करायची हौस हीच मूळ अडचण आहे. जुना दगड जुना दिसला तर बिघडलं काय?

चुनेवाली · ६ ऑक्टोबर

सरसकट नको हे मान्य. यादीतच ‘लेख वाचता येत नाही’ असा रकाना ठेवा, तेवढ्यांनाच.

ऑइलपेंट: रंगाच्या खाली दगडाला श्वास घेता येत नाही, आतली ओल क्षारांसकट रंगामागे अडकते, रंग फुगतो आणि पापुद्रा घेऊनच निघतो. आधीच रंगवलेली थडगी यावर्षी खरडू नका. बिनॲसिडचं जेल स्वरूपातलं पेंट रिमूव्हर, वर प्लास्टिक, लाकडी पट्टीने काढणं, हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे आणि महाग आहे.

सांधे: सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. थडगं उन्हात तापतं, रात्री आक्रसतं, तेव्हा सांध्याने मऊ राहून झीज सोसायची असते. सिमेंटचा सांधा शाबूत राहतो आणि शेजारचा पोरबंदर कडेने झिजून खळगा पडतो. चुनाच हवा. कळीचा चुना विझवून, गाळून, पाण्याखाली किमान २१ दिवस, जमल्यास तीन महिने. म्हणजे फेब्रुवारीत काम असेल तर आत्ता विझवायला हवा. आराखड्यात ही तारीख कोणी लिहीत नाही आणि मग ‘चुना मिळाला नाही’ म्हणून सिमेंट येतं.

उघड्या सांध्यांना १ भाग चुना, ३ भाग रेती. पायथ्याला, जिथे ओल कायम, तिथे १ चुना, १ सुरखी (विटांची भुकटी), २ रेती. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटांची, मैद्यासारखी नाही, थोडी रवाळ. खाडीची रेती चुकूनही नको, तिच्यातलं मीठ थेट दगडात उतरतं. क्रश सँड चालते, पण धुऊन, भुकटी काढून. जुना माल हाताने, बारीक छिन्नीने काढायचा, ग्राइंडरने नाही. सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, २५ मिमीपेक्षा कमी नाही. आत पाणी मारून, माल दाबून भरायचा, वर पातळ थर पसरायचा नाही. नंतर सात ते दहा दिवस ओलं गोणपाट. गोणपाट वाळलं की चुना भुगा होतो आणि दोष चुन्याला मिळतो. एप्रिलअखेर सगळं संपवा. पहिल्या पावसाआधी महिनाभर तरी हवा लागली पाहिजे.

गूळ, बेलफळ, हिरडा घालावा का, असं कोणीतरी विचारेलच. जुन्या कामात असायचे. थडग्याच्या सांध्यांना त्याशिवाय उत्तम होतं. चुना नीट मळा, गूळ चहात घाला.

ताडदेवची_ताई · ७ ऑक्टोबर

कुटुंबीय स्वतःच २ नोव्हेंबरच्या आधी रंगारी आणून ऑइलपेंट मारतात, अक्षरं काळ्या रंगाने भरतात. त्यांना कसं थांबवणार? ते थडगं त्यांचंच.

माझगावची_गल्ली · ७ ऑक्टोबर

हाच प्रश्न समितीत सगळ्यात तापला.

चुनेवाली · ७ ऑक्टोबर

बंदी घालू नका, पर्याय द्या. फाटकाशी सफेदीसाठी कालवलेला चुना आणि ब्रश ठेवा. जिथे आधीपासून सफेदी होत आलीय, विटांच्या आणि गिलाव्याच्या थडग्यांना, तिथे चुन्याची सफेदी उत्तमच. तिचे दोन-तीन पातळ हात द्यायचे. फक्त उघड्या संगमरवरावर आणि कोरीव दगडावर काही लावायचं नाही, असा फलक इंग्रजी, मराठी आणि कोकणीत. रंगाऱ्यांनाच एक दिवस बोलावून दाखवलं तर निम्मं काम होतं, कारण कुटुंबाला रंग कुठला हे तेच सांगतात.

खरोडीचा_दगड · ७ ऑक्टोबर

पडलेल्या शिळांचं सांगतो. आधी वजन काढा. ४ फूट × २ फूट × ४ इंच संगमरवर म्हणजे सुमारे २०० किलो. काळा पाषाण त्याहून किंचित जास्त. चार जणांनी ‘हैय्या’ करून उचलायची वस्तू नाही ती. बोटं जातात आणि शिळा मधोमध तुटते. लोखंडी तिपाई, १ टनाचा चेन ब्लॉक, नायलॉनचा रुंद पट्टा (साखळी दगडाला लावायची नाही) आणि उतरवायला रेतीच्या गोणी. तिपाईचे पाय फळ्यांवर टेकवा, दफनभूमीची जमीन पोकळ असते, पाय खचतो.

तोंड खाली करून पडलेली शिळा आधी उलटी करा. लेख मातीकडे असेल तर तो बहुधा शाबूत निघतो, म्हणून घाईने घासू नका. खालची माती गोळा करून चाळा, शिशाची अक्षरं त्यात सापडतात. पिशवीत घालून थडग्याचा क्रमांक टाका.

पुन्हा उभं करायचं ते मूळ जागीच. उंचीच्या चौथा ते तिसरा भाग जमिनीत हवा. खड्ड्यात १० सेंमी फोडलेली वीट-खडी, वर चुन्याचं काँक्रीट, शिळेभोवती मुरूम थराथराने ठोकून. सिमेंट काँक्रीटमध्ये गाडलेली शिळा जमिनीच्या पातळीलाच मोडते, कारण पायथा हलत नाही आणि वरचा दगड हलतो. जिथे शिळा बैठकीवर पिनांनी बसवलेली होती तिथे जुने लोखंडी गज काढून ३१६ प्रतीचं स्टेनलेस, १० किंवा १२ मिमी. गंजलेलं लोखंड फुगून मूळ जागेपेक्षा बरंच जास्त व्यापतं, दगड आतून फोडतं. बैठकीच्या कोपऱ्याला पडलेली ती तिरकी चीर नव्व्याण्णव टक्के त्याचीच असते.

दोन तुकडे झालेली शिळा जोडताना पिना स्टेनलेसच्याच आणि छोट्या. इपॉक्सी फक्त पिनांच्या भोकांत आणि सांध्याच्या मध्यावर, कडेपासून १० मिमी आत. कड चुन्याने बंद. इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं आणि ओल अडवतं. तीनपेक्षा जास्त तुकडे असतील तर उभं करायचा हट्ट सोडा. खडीच्या थरावर, पाणी निघेल असा किंचित उतार देऊन, त्याच जागी आडवं मांडा.

अवांतर: हिब्रू किंवा आर्मेनियन लेख असतील तर अक्षरांत पुन्हा रंग भरायच्या भानगडीत पडू नका. बेने इस्रायली (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) थडग्यांवर मराठी आणि हिब्रू शेजारी असतात. मराठी बरोबर रंगवून हिब्रूची वाट लावलेली उदाहरणं दिसतात.

पर्जन्यजल · ८ ऑक्टोबर

पेव्हर ब्लॉकवर आकडे देतो, समितीत उपयोगी पडतील. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमी पाऊस धरून होत्या, ब्रिमस्टोवॅडने (पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या पालिकेच्या प्रकल्पाने) ५० मिमी धरला. ५० मिमी धरा. एक एकरावर ताशी सुमारे २०० घनमीटर पाणी, म्हणजे सेकंदाला ५६ लिटर. गवत-मातीची जमीन असेल तर त्यातलं ४० टक्के वाहतं असं धरू, २२ लिटर. तेवढीच जागा पेव्हरने झाकली तर ८५ टक्के, जवळपास ४८ लिटर. कागदावर पेव्हर ‘पाणी मुरणारे’ असतात, पण खाली सिमेंटचा थर आणि फटींत गाळ भरला की मुरत नाही. ते पाणी जातं कुठे? सगळ्यात सखल रांगेत, म्हणजे सहसा सगळ्यात जुन्या थडग्यांत.

दुसरं म्हणजे दर खेपेला जुन्या वाटेवरच नवा थर पडतो. वाट वर येते, थडग्याची बैठक खाली जाते. बैठकीच्या कडेला छोटी चर खणून मूळ पातळी शोधा. सहा-आठ इंच पुरलेलं सापडलं तर नवल वाटून घेऊ नका. निविदेत स्पष्ट लिहा: ‘जुना थर पूर्ण काढून मूळ पातळीवर’.

वाट कशी करावी: १५० मिमी दाबलेली खडी, वर ७५ मिमी मुरूम आणि दगडाची भुकटी मिसळून, मध्य उंच, दोन्ही कडांना ४० ला १ उतार. कडेला काळ्या पाषाणाची पट्टी, जमिनीच्या पातळीत, वर आलेली नको. मुख्य वाट ६ फूट, म्हणजे खांदेकरी दोन्ही बाजूंनी चालू शकतात. आडव्या वाटा ४ फूट पुरे. मुरूम दर पावसाळ्यात थोडा वाहणार, ऑक्टोबरात नवा टाकायचा. तो खर्च वार्षिक देखभालीत धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी चिखल बघून पुन्हा पेव्हरची मागणी येते. व्हीलचेअरसाठी फाटकापासून चॅपेलपर्यंतची एक वाट दगडी फरशीची करा, चढ असेल तिथे १२ ला १.

गटार उघडंच, फूटभर रुंद, २०० ला १ उतार. अर्धं भरलं तरी सेकंदाला ३० लिटर वाहून नेतं. बंद पाइप घातला तर पानांनी तुंबतो आणि जुलैत कळतं. शोषखड्डे नको. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असतं, त्यात आजूबाजूला दफनं.

ओळंबा · ८ ऑक्टोबर

चालू दफनांचंही लिहून ठेवा. जुन्या जड थडग्याला लागून पाच फूट खोल खड्डा खणला की त्याचा पाया एका बाजूने उघडा पडतो आणि पावसाळ्यात ते त्याच बाजूला कलतं. तुमची कलती थडगी नकाशावर रंगवून बघा, बहुतेक नव्या दफनांकडे झुकलेली निघतील. जागा सोडता येत नसेल तर निदान फळ्या आणि आडवे टेकू, भरताना माती सहा-सहा इंचांच्या थरात धुमसून. ढिगारा जुन्या शिळेवर रचायचा नाही.

आणि दोन वर्षांनी उघडायच्या (अस्थी कोनाड्यात हलवून पुन्हा वापरायच्या) कबरींत कृत्रिम धाग्यांचे कपडे, प्लास्टिकचं अस्तर, पॉलिश केलेल्या पेट्या जाणार नाहीत हे बघा. सुती कापड आणि साधं लाकूड. प्लास्टिकमुळे विघटन अडतं, कबर वेळेवर मोकळी होत नाही आणि मग जागेचा डोळा जुन्या विभागावर जातो.

रानचाफा · ९ ऑक्टोबर

झाडांचं कोणीच बोललं नाही म्हणून. शिवडीची दफनभूमी १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना झाली ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेच्या जागेवर. जुन्या दफनभूमीतली झाडं ही शिळांइतकीच नोंदवायची गोष्ट आहे. झाडांची यादीही त्याच जाळीवर करा.

टाइल्सचे पार पूर्ण नाकारा. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी हवी. मुळाने शिळा उचलली असेल तर मूळ तोडू नका, आधार देणारं मोठं मूळ गेलं की जूनच्या वाऱ्यात झाड थडग्यांवर येतं. दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाचे ठोकळे, त्यावर शिळा, मूळ मधून जाऊ द्या.

पिंपळ-वडाची रोपं सांध्यात दिसली तर फूटभर असतानाच. ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. जमेल तेवढं खाली कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने. उशीर झाला तर काप बंद होतो आणि औषध आत जात नाही. ग्लायफोसेट २०२२ पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच वापरता येतं, माळ्याच्या हाती डबा देऊ नका. थडग्यांभोवतीच्या गवतावर ते अजिबात नको. टाकळा, घाणेरी हाताने किंवा विळ्याने. स्ट्रिंग ट्रिमर शिळेपासून वीतभर लांब, नायलॉनची दोरी संगमरवराला कायमचे अर्धगोल चरे पाडते.

मोठ्या फांद्यांची छाटणी पालिकेच्या उद्यान खात्याच्या परवानगीने, अर्ज जानेवारीतच, म्हणजे मेच्या आत काम होतं. १९७५ चा झाडांचा कायदा लागू आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. नवीन लावायचं तर चाफा. मुळं उपद्रवी नाहीत, सावली विरळ, पानगळ कोरड्या दिवसांत. गुलमोहर नको, मुळं वरवर असतात.

हायमास्टऐवजी वाटेलगत कमरेइतके, खाली उजेड टाकणारे पिवळसर दिवे. रात्री तिथे मुख्य गरज राखणदाराला वाट दिसण्याची आहे.

निविदा_सूचना · १० ऑक्टोबर

आता हे कागदावर कसं उतरवायचं. पहिली गोष्ट, जागा वारसा यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, ते तपासा. मुंबईचे वारसा नियम १९९५ पासून आहेत, आता विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधला विनियम ५२. यादीत असेल तर मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जावं लागेल. तो वेळ धरूनच मार्चचं गणित मांडा. जमीन कोणाची, देखभाल कोणाची, हेही आधी स्पष्ट करा.

दुसरं, सफाई कधीही चौरस मीटरच्या दराने काढू नका. जितकं क्षेत्र जास्त तितका पैसा, म्हणजे प्रेशर वॉशर आलाच. एकक ‘एक थडगं, वर्ग १/२/३’ असं ठेवा, वर्ग यादीतून. सांध्यांना धावता मीटर. शिळा उभारणीला नग, वजनाच्या टप्प्यानुसार. सरकारी दरसूचीत यातल्या बऱ्याच बाबी सापडणार नाहीत, त्यामुळे दर पृथक्करण (दर कसा आला याचा हिशेब) वेगळं करावं लागेल. संवर्धन वास्तुविशारद नेमा आणि त्याची फी कामाच्या टक्केवारीवर ठेवू नका, ठोक ठेवा, म्हणजे काम वाढवण्यात त्याचा फायदा उरत नाही. कार्यादेशाआधी कंत्राटदाराने तीन नमुना थडगी करून दाखवायची: एक संगमरवरी, एक पोरबंदर, एक पाषाणाचं. समितीने सही केली तर पुढे.

सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) हवा असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये राष्ट्रीय वारसा आणि ऐतिहासिक स्थळांचं जतन बसतं, पण पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. तुमचा न्यास नोंदलेला असेल तर ती आत्ताच करून टाका.

मार्चपर्यंत खर्चायचंच असेल तर पहिल्या हप्त्यात नोंद, गटार, धोकादायक शिळा आणि चुना विझवण्याची टाकी एवढंच घ्या. सगळ्याला पावती मिळते आणि यातलं काहीच नंतर उखडावं लागत नाही.

माझगावची_गल्ली · १० ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. हे छापून उद्याच्या बैठकीत ठेवतेय. शेवटचं एकच: २ नोव्हेंबरला शिळांवर सांडणारं मेण?

चुनेवाली · १० ऑक्टोबर

प्रत्येक रांगेच्या टोकाला रेती भरलेली पत्र्याची घमेली ठेवा, मेणबत्त्या त्यात लावायला सांगा. तरी सांडणारच. गरम पाणी किंवा इस्त्री लावू नका, मेण वितळून दगडात मुरतं आणि तेलकट डाग राहतो. पिशवीत बर्फ घेऊन पाच मिनिटं मेणावर ठेवा, कडक झालं की लाकडी पट्टीने टकटक करून उडवा. हे ३ तारखेच्या सकाळीच, ऊन चढायच्या आधी.